भिंतीचा पहिला हात

आश्विन लागला की माझं नाक मला न विचारता कामाला लागतं. इथं विश्रामबागेत आता चुना कुणी भिजवत नाही. प्लास्टिकचे डबे येतात, झाकण उघडलं की दवाखान्यासारखा वास सुटतो, परगावची माणसं शिड्या लावून दोन दिवसांत घर नवं करून जातात. तरीही पाऊस उघडून चार उन्हं पडली की मला ओल्या भिंतीचा, कुजक्या पाचटाचा आणि कढत चुन्याचा वास येतोच. सून म्हणते, "आई, शेजारी सिमेंट कालवतायत." कालवू देत बापडे. मला येतो तो वास वेगळा.

काल सोसायटीची नोटीस आली. बाहेरच्या भिंती दिवाळीच्या आत रंगवून घ्यायच्या. रंग ठरवून दिलेला, फिकट बदामी, खाली विटकरी पट्टा. ज्याला जो आवडेल तो चालणार नाही. सून ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचत होती. निम्म्यावर आली आणि "बाकी नेहमीचंच" म्हणून तिनं कागदाची घडी घातली.

"अगं, सगळं वाच," मी म्हटलं.

"काही नाही हो त्यात."

"नसू दे. शेवटपर्यंत वाच."

तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ती तिकडं पळाली. नोटीस माझ्यापुढं टेबलावर पडली आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक अक्षर दिसत नाही. तीस वर्षं शाळेत पोरांना वाचायला शिकवलेली बाई मी, आणि आता सुनेच्या तोंडाकडं बघत बसायची वेळ आली. बरंच झालं म्हणायचं. माझ्या वाचण्यानं एकदा जे करून ठेवलंय तेवढं पुरे आहे.

माझं सासर कऱ्हाडच्या अलीकडं, कृष्णेकाठी. गाव म्हणावं तर म्युनिसिपालटी होती, शहर म्हणावं तर दारात बैलं बांधलेली. नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची भिंत. मातीची, वरून पांढऱ्या मातीचा गिलावा, त्यावर चुना. रस्त्यानं जाणारायेणारा आधी भिंत बघायचा, मग माणसं. पावसाळ्यात पश्चिमेचा मारा नको म्हणून उसाच्या पाचटाचे तट्टे करून भिंतीला बांधत. भाद्रपदात ते सोडले की आतून एक गार उसासा आल्यासारखा वास यायचा. कोळिष्टकं, गोमा, एखाद्या वर्षी धामणसुद्धा. आणि भिंत कशी दिसायची म्हणता! चार महिन्यांच्या आजारातून उठलेल्या माणसासारखी. कुठं हिरवं, कुठं काळं, कुठं पोपडा सुटून आतली माती उघडी.

मग घट बसायच्या आत तिला चुना द्यायचा. भट्टीवरून चुनकळी यायची, पांढऱ्या दगडासारखी निर्जीव ढेकळं. रांजणात टाकून पाणी ओतलं की खदखदायला लागायची. मी सांगलीची, पेठेत वाढलेली. आमच्या घरी असली कामं गडी करत. पहिल्यांदा तो रांजण उकळताना बघून मी चार पावलं मागं सरले, तर थोरल्या जाऊबाई पोट धरून हसल्या.

"आगं, खात न्हाई तुला! फकस्त डोळं संबाळ. चुना आनि सासू, दोगींच्या तोंडाला तोंड द्यायचं न्हाई."

सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, म्हणून असली थट्टा चालायची. थोरल्या जाऊबाई म्हणजे हौसाक्का. माहेर वडूजकडचं, कोरडवाहू मुलखातलं. रंगानं सावळी, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की तिनं परड्यातून हाक मारली की नदीवरच्या बायका वर बघत. घरचा सगळा कारभार तिच्याकडं. मी धाकटी, सोळा वर्षांची, मराठी सातवी पास, आणि त्या सातवीचा मला केवढा तोरा! अख्ख्या आळीत वाचता येणारी बाई मी एकटी. कुणाचं पत्र आलं की मला बोलावणं. मी पदर सावरून जायची आणि खाकरून सुरुवात करायची, जशी काही कचेरीतच बसलेय.

आमच्या घरात भिंतीची एक रीत होती. आळीतल्या बऱ्याच घरांत होती, पण आमच्याकडं ती फार कडक पाळत. चुन्याचा पहिला हात घरच्या थोरल्या लेकानं लावायचा. दाराच्या उजव्या अंगाला, वरून खाली, एकच सरळ पट्टा. नारळ फोडायचा, त्यानं कुंचा बुडवायचा, हात ओढायचा. मग बाकीची भिंत बायकांनी दिवसभर सारवत बसावी, तिला कुणी विचारत नाही. थोरला परगावी असला तर भिंत थांबायची. दुसऱ्या लेकानं हात लावायचा तो एकाच कारणानं, थोरला राहिला नाही म्हणून. एकदा हात बदलला की माघारी फिरत नसे.

थोरल्या लेकानं लावलेला हा पहिला हात मी एकदाच पाहिला. माझे थोरले दीर, आबा, पलटणीत होते. माझ्या लग्नाच्या वर्षी आश्विनात रजा काढून आले, दोन दिवसांसाठी. उंच, मिशीवाले, बोलायला हौसाक्काच्या अगदी उलट. खाकी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले. शिंदीच्या फोकाचं टोक ठेचून केलेला कुंचा त्यांनी रांजणात बुडवला, निथळू दिला आणि वरून खाली असा हात ओढला की काळ्या भिंतीवर दूध सांडल्यासारखी धार उतरली. हौसाक्का चुन्याचं भांडं धरून शेजारी उभी होती. पदराआडून ती नवऱ्याकडं जे बघत होती ना, ते बघून मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आबा गेले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची पलटण समुद्रापलीकडं गेली. नंतर मलायातून एक पत्र आलं, आणि त्यानंतर सरकारी तार आली की ठिकाणा लागत नाही.

ठिकाणा लागत नाही म्हणजे काय, हे आळीत ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवलं. हौसाक्कानं ठरवलं ते असं, की आबा कुठंतरी आहेत आणि लढाई संपली की येतील. ती रोज सकाळी न्हाऊन कपाळभर कुंकू लावायची, पूर्वीपेक्षा मोठं. आणि भिंतीला हात लावू द्यायची नाही. आबा समुद्रापलीकडं गेल्यापासून असे तीन पावसाळे गेले. तट्टे बांधले, सोडले. गिलावा सुटला तिथं ती स्वतः पांढऱ्या मातीचा लपका मारायची, पण चुना नाही. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, "आमच्या भित्तीचा धनी भायेर गेलाय. त्यो आला की लावंल." भिंत काळी होती तोवर ती सवाष्ण होती, इतकं ते सरळ होतं.

त्याच दिवसांत तिनं मला शिकवायला लावलं. आबांचं पत्र आलं तर ते दिरानं नाही तर जावेनं वाचून दाखवायचं, हे तिला नको होतं. "नवरा माजा, आनि त्याचं बोलनं तुज्या तोंडानं का म्हनून ऐकू?" दुपारी भांडी घासून झाली की परड्यात राख पसरून मी तिला अक्षरं गिरवायला द्यायची. नांगर धरणारं बोट ते, राखेत खड्डे पडायचे. क-कमळ झालं, बाराखडी झाली. जोडाक्षरं आली की मात्र ती चिडायची. "ह्यी दोन अक्षरं एकमेकांच्या उरावर बसल्यात, ह्यांस्नी आदी उतरीव." मी हसायची. ती मला चुना शिकवायची, कळी किती, पाणी किती, किती दिवस मुरवायचा, डिंक कधी घालायचा, निळीची चिमूट किती. मी तिला अक्षरं. तेवढं सख्य मला पुढं कुणाशीच जमलं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

चौथ्या वर्षी पावसाळ्यात गावात पटकीची साथ आली. वरच्या आळीत माणसं दगावली. शिवाय त्या काळात आमच्या भागातल्या भिंतींवर रातोरात सरकारविरुद्ध काय काय लिहिलेलं दिसायचं, तेही पुसायचं असेल, लोक तसं म्हणायचे. कारण काही असो, म्युनिसिपालटीचा शिपाई छापील नोटिसा वाटत आला. नदीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरानं दर्शनी भिंत दसऱ्याच्या आत चुन्यानं पांढरी करून घ्यावी, खाली वीतभर गेरूचा पट्टा द्यावा, दुसरा रंग चालणार नाही, न करील त्याला रोजचा दंड. शिपाई म्हणाला, "वैनी, तुमाला वाचता येतंय, समद्यांस्नी सांगा." आणि गेला पुढं.

आळीतल्या सगळ्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. मी मधोमध. मी खाकरले आणि ठळक अक्षरांतला मजकूर वाचला. त्याच्या खाली बारीक अक्षरात चार ओळी होत्या. त्या मी आधी मनात वाचल्या. ज्या घरचा कर्ता इसम लष्करात नोकरीस असेल, अगर लढाईत ज्याचा ठावठिकाणा लागत नसेल, त्या घराने अर्ज केल्यास पुढील हुकूम होईतो सूट मिळेल.

मी तिथंच थांबले. वर बघितलं. हौसाक्का माझ्या खांद्यावरून कागदात वाकली होती. तिनं बोट ठेवलं, तेच नांगराचं बोट.

"आगं, खाली आनिक चार वळी हायत्या की. त्ये काय हाय?"

आणि मी म्हटलं, "ते काही नाही. नुसत्या सह्या आहेत."

का म्हणाले? पन्नास वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय. तेव्हा मी स्वतःला एक कारण दिलं होतं. दसऱ्याला सांगलीहून माझे वडील यायचे होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. आदल्या वर्षी माझी चुलतबहीण येऊन गेली आणि सांगलीत जाऊन सांगितलं, इंदूचं सासर बाहेरून मसणवट्यासारखं दिसतं. ते मला फार झोंबलं होतं. पण ते वरवरचं. आतलं कारण सांगायला मला लाज वाटते, आणि म्हणूनच सांगते. आमचे हे एका पायानं अधू होते. पलटणीत घेतलं नाही. सगळं गाव आबांचं नाव घ्यायचं आणि यांना हाक मारायचं ती "आबाचा भाऊ" म्हणून. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा यांनी कुंचा हातात धरावा आणि आळीनं बघावं. दुसऱ्या कुणाचं त्यात काय जातंय याचा विचार मी केला नाही असं मी म्हणणार नाही. केला होता. आणि बाजूला सारला होता.

संध्याकाळी हौसाक्का मामंजींपुढं उभी राहिली. माझे सासरे पहिल्या लढाईतले हवालदार, पाठ अजून काठीसारखी ताठ. ती म्हणाली, "मामंजी, दंड भरू. माजी पुतळ्यांची माळ मोडा, पर भित्तीला हात लावू नगा."

मामंजींनी तिला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "हौसा, पैशाचं न्हाई. म्या सरकारचं मीठ खाल्लंय. हुकूम म्हंजी हुकूम. गावात साथ हाय, आनि हवालदाराच्याच घरानं कायदा मोडायचा?" मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, त्यात कुटं सवलत न्हाई न्हवं? नीट बघितलंस?"

ती दुसरी संधी होती. देव माणसाला दोनदा विचारतो की काय कोण जाणे. मी मान खाली घालून म्हटलं, "नाही."

"मग धाकल्या पोरानं हात लावावा," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. म्हाताऱ्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनाही ठाऊक होतं की आपण काय बोललो. आपल्या थोरल्या लेकाला त्यांनी त्या एका वाक्यात पोचवलं होतं, माझ्या शब्दावर भरवसा ठेवून.

मला वाटलं होतं हौसाक्का आकांत करील. माहेरी निघून जाईल. त्यातलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "चुना म्याच भिजवनार. तुला कळत न्हाई, कच्चा ऱ्हाईल." सात दिवस तिनं तो रांजण सांभाळला. सकाळ-संध्याकाळ ढवळायची, फडक्यातून गाळायची, डिंक विरघळवायची. असा चुना मी पुन्हा पाहिला नाही, सायीसारखा. मी तिच्या आसपास घुटमळायची, काहीतरी बोलावं म्हणून. सांगून टाकावं म्हणूनही. ओठांवर यायचं आणि उद्यावर जायचं. त्या सात दिवसांत कधीही बोलले असते तर पुरलं असतं. मामंजी चिडले असते, यांनी दोन दिवस तोंड बघितलं नसतं, आळीत माझ्या सातवीची छी-थू झाली असती. एवढंच. एवढ्यासाठी मी गप्प बसले.

ज्या दिवशी हात लावायचा तेव्हा तीच भांडं धरून उभी राहिली, आबांच्या वेळी राहिली होती तशीच. नारळ फुटला. यांनी कुंचा घेतला. निथळू न देताच उचलला, चुना धोतरावर सांडला. ते म्हणाले, "वैनी, मला जमायचं न्हाई." ती म्हणाली, "लावा, भावजी. चुना वाळतोय." मग यांनी हात ओढला. वाकडातिकडा, मधेच तुटलेला पट्टा. आळी बघत होती, मला हवं होतं तसंच, आणि मग एकेक जण खाली मान घालून घरी निघाला. हे परड्यात जाऊन हात धूत बसले. इतका वेळ धुतले की कातडी सोलली.

भिंत मात्र काय दिसत होती! खरं तेच सांगायचं. शुभ्र, खाली गेरूचा पट्टा, उन्हात डोळे दिपावेत अशी. माझे वडील आले आणि म्हणाले, "वा, इंदू, घर झकास ठेवलंय." मी त्यांच्या ताटात आणखी जिलबी वाढली.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. नवरात्रातल्या शुक्रवारी शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. आम्ही दोघी गेलो. रांगेत बसलो. कुंकवाची कोयरी घेऊन आलेल्या बाईनं मला कुंकू लावलं आणि हौसाक्कापुढं आली. तिचं बोट कुंकवात बुडालेलं, वर उचललेलं, आणि तिथंच थांबलं. बाई काही दुष्ट नव्हती. तिनं भिंत पाहिली होती. पहिला हात बदललेला सगळ्यांनी पाहिला होता. काय करावं हे तिला उमगेना. सगळ्या जणी खाली बघायला लागल्या. हौसाक्कानंच ते बोट हळूच बाजूला केलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी कशाला पापात पडता."

ती उठली आणि चालायला लागली. घरी येऊन तिनं कपाळ धुतलं. गळ्यातलं मात्र काढलं नाही, पदराखाली सारलं. दुसऱ्या दिवसापासून ती तशीच चुलीपुढं बसायला लागली, मोकळ्या कपाळानं. तिच्या त्या कपाळाकडं बघायची माझी छाती होईना. भाकरी वाढताना ती "आनिक घे" म्हणायची आणि मी ताटाकडं बघत मान हलवायची.

लढाई संपली. पलटणी परत यायला लागल्या. आमच्या आळीतला एक जण आला, शेजारच्या गावातले दोघे आले. आणि एक दिवस इंग्रजीत टाइप केलेलं पत्र आलं, ते शाळेच्या हेडमास्तरांनी वाचून सांगितलं. आबा कैदेत होते. मलायातल्या एका छावणीत तापानं गेले. त्यांनी तारीख सांगितली आणि मामंजींनी बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी शिमग्याच्या अंगाला."

हेडमास्तर गेले. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि पुन्हा मोजलं. दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा. आमच्या भिंतीवर पहिला हात बदलला तेव्हा आबा जिवंत होते. नंतर पाच महिने जिवंत होते. कुठल्यातरी तळपत्या मुलखात, काट्याच्या तारांमागं, आपलं घर आहे, भिंत आपली वाट बघतेय अशा भरवशावर. आणि ते पाच महिने त्यांची बायको सवाष्ण असून पांढऱ्या कपाळानं भाकऱ्या थापत होती. लोक म्हणाले, शेवटी जे व्हायचं तेच झालं, भिंतीनं आधी सांगितलं इतकंच. माझी समजूत घालायला म्हणाले नव्हते, पण मी त्याला धरून बसायचा प्रयत्न केला. नाही जमलं. माणूस जाणारच होता, मान्य. पण ते पाच महिने तिचे होते. ती संक्रांत तिची होती. कुणी मला विचारलं, तू आयुष्यात कुणाचं काय चोरलंस, तर मी एवढंच सांगेन.

तरी तिला तेव्हा माझं खोटं ठाऊक नाही अशा समजुतीत मी होते. माणूस किती मूर्ख असतं बघा. नोटीस चुलीत गेली असेल, रद्दीत गेली असेल, असं मी धरून चालले होते. तिनं शिकणं सोडलं नव्हतं. आबांचं पत्र आता कधी येणार नव्हतं, तरी ती दुपारी राख पसरून बसायची. मी विचारलं एकदा, "आक्का, आता कशाला?" तर म्हणाली, "आरदं काम सोडू ने." आणि जोडाक्षरं तिला यायला लागली. एकमेकांच्या उरावर बसलेली अक्षरं तिनं एक एक करून उतरवली. त्या वर्षी तिनं किती घोकलं म्हणून सांगू, मी शाळेत इतकी हुशार मुलगी पुढं तीस वर्षांत पाहिली नाही.

पत्र आलं त्याच वर्षीचा आश्विन. तट्टे सोडलेले, अंगणभर पाचटाचा वास, रांजणात कळी टाकलेली. मी पाण्याची घागर घेऊन मागच्या दारानं आले. हौसाक्का परड्यात, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. हातात एक कागद, घड्यांवर फाटलेला. ती मोठ्यानं वाचत होती, अक्षराला अक्षर लावत, पोरं वाचतात तशी.

"ज्या... घर-चा... कर्-ता... इ-सम... लष्... लष्-क-रात..."

मी घागर खाली ठेवायची विसरले. पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं. तिला माझी चाहूल लागली होती. तिनं मान वर केली नाही. बोट ओळीवरून सरकत होतं. "अर्-ज... के-ल्या-स..." शेवटच्या ओळीपर्यंत ती गेली. कुठंही गाळलं नाही. मग तिनं कागदाची घडी घातली, पदराच्या टोकाला बांधली आणि माझ्याकडं बघितलं.

"बरूबर वाचलं न्हवं म्या, मास्तरीनबाई?"

"व्हय," मी म्हटलं. सांगलीच्या पेठेतली मी, तिच्या बोलीत उत्तर दिलं. 

"काना, मात्रा?"

"सगळं बरोबर."

"मग झालं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "चल. कळी फुटली. डोळं संबाळ."

त्यानंतर आम्ही पस्तीस वर्षं एका चुलीवर जेवलो. माझी तीन बाळंतपणं तिनं केली. मुलं तिच्याच मांडीवर वाढली. मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले तेव्हा घर तिनं सांभाळलं. या विषयावर ती पुन्हा अवाक्षर बोलली नाही, टोमणासुद्धा नाही, आणि तिच्याइतकी टोमणे मारणारी बाई गावात नव्हती. मी किती वेळा तिच्यापुढं जाऊन उभी राहिले असेन. पाय धरायचे म्हणून वाकले की ती म्हणायची, "काय गं, काय पडलं का तुजं?" मी म्हणायची, "काही नाही." तिनं मला माफ केलं असेल असं सगळ्यांना वाटेल. मला नाही वाटत. तिनं मला माफीही मागू दिली नाही, तिच्याजवळ तेवढा एकच दंड होता.

आळीत पुढं वाचायचा मान तिच्याकडं गेला. वर्तमानपत्र आलं की बायका ओट्यावर जमायच्या आणि ती वाचायची. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाजारभाव, जाहिराती, हरवले-सापडले, अगदी तळाला छापखान्याचं नाव. बायका कंटाळून म्हणायच्या, "आवं आक्का, त्ये सोडा की!" ती चष्म्यावरून बघायची. बायकांकडं नाही, माझ्याकडं. "न्हाई बाई," म्हणायची, "खालचं सोडायचं न्हाई."

त्या भिंतीला यांनी हयातभर पुन्हा पहिला हात लावला नाही. दर वर्षी कुंचा आणून दाराशी ठेवायचे आणि शेताला निघून जायचे. मग हौसाक्काच म्हणायची, "लाव गं, इंदे." आणि मी लावायची. वरून खाली, एकच सरळ पट्टा. तो कधीच सरळ आला नाही. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, हे मला न कळवताच हे गेले. मी सांगितलं नव्हतं. तेही राहिलंच.

दूध पुसून सून परत आली. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "हं, आई, सांगा, काय ऐकायचं होतं? उरलेलं ना? अहो खरंच काही नाही. खाली नुसत्या सह्या आहेत."

मी तिच्याकडं बघितलं. गोड मुलगी आहे, खोटं बोलत नाही.

"त्या वाच," मी म्हटलं.